मरियामाता, मांजर आणि सर्प : रेम्ब्रांटच्या एका लहानशा एचिंगमधील धार्मिक प्रतीके

ख्रिस्ती चित्रकला म्हटले की सामान्यतः आपल्या डोळ्यांपुढे भव्य कलाकृती उभ्या राहतात. सिस्टीन चॅपेलचे छत, वेदीमागील उंच चित्रे, महामंदिरांतील रंगीत काचांच्या खिडक्या ही त्यांची उदाहरणे होत. प्रस्तुत लेखात आम्ही वाचकांना याच्या अगदी उलट टोकाच्या, तळहातावर मावेल अशा एका चित्राचा परिचय करून देत आहोत. डच चित्रकार रेम्ब्रांट याने १६५४ साली केलेले हे एचिंग 'मरिया आणि बालक, मांजर व सर्पासह' या नावाने कलेतिहासात ओळखले जाते. त्याची रुंदी सुमारे साडेचौदा सेंटिमीटर व उंची सुमारे साडेनऊ सेंटिमीटर आहे. आपल्या टपाल खात्याचे पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचे असते, म्हणजे हे चित्र त्याहून किंचित मोठे इतकेच. त्यात रंग नाही, सोनेरी वर्ख नाही, देवदूतांचा समूह नाही. तरीही उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिल्या अभिवचनापासून बेथलेहेमपर्यंतचा तारणाचा इतिहास त्यात सामावलेला आहे.

प्रथमदर्शनी जे दिसते ते असे. एका साध्या घराच्या खोलीत एक तरुण माता जमिनीवर बसली आहे. तिने आपल्या बाळाला दोन्ही हातांनी उराशी धरले असून तिचा चेहरा बाळाच्या चेहऱ्याला टेकलेला आहे. तिच्यामागे खिडकी आहे व त्या खिडकीच्या काचेतून एक पुरुष बाहेरून आत डोकावत आहे. मातेच्या वस्त्राच्या काठाशी एक मांजर खेळत आहे. आणि त्याच वस्त्राखालून, तिच्या पायाशी, एक साप सरपटत बाहेर येत आहे. घाईने पाहणाऱ्याच्या नजरेतून हा साप सहज निसटतो. आम्ही स्वतः हे चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा आम्हाला मांजर दिसले, साप दिसला नाही.

हा प्रसंग बायबलच्या कोणत्याही एका वचनात वर्णिलेला नाही, हे आरंभीच स्पष्ट करावयास हवे. संत लूक व संत मत्तय यांच्या शुभवर्तमानांत येशूच्या बालपणाच्या ज्या घटना येतात, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत हे चित्र उभे आहे. त्याच वर्षी रेम्ब्रांटने याच आकाराची आणखी काही एचिंग्ज केली. मेंढपाळांचे वंदन, गोठ्यातील सुंता, ओढा ओलांडून मिसर देशी पलायन, मंदिरात शास्त्र्यांसमवेत बसलेला बारा वर्षांचा येशू आणि आईवडिलांसोबत मंदिरातून घरी परतणारा येशू असे हे विषय आहेत. ही सर्व चित्रे ओळीने ठेवली असता आपले चित्र त्या मालिकेत नीट बसते. इतर चित्रांत काहीतरी घडते. या चित्रात काही घडत नाही, केवळ एक घर दिसते.

एचिंग म्हणजे काय

आपल्या वाचकांपैकी अनेकांना ही पद्धत परिचित नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण व राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात. त्या थरावर कलावंत अणकुचीदार सुईने रेघा ओढतो. जेथे सुई फिरते तेथे थर खरवडला जाऊन तांबे उघडे पडते. मग पत्रा आम्लात बुडवतात. आम्ल फक्त उघड्या रेघा कोरते, थराखालचा भाग सुरक्षित राहतो. त्यानंतर थर काढून टाकून पत्र्यावर शाई चोळतात व वरची शाई पुसून घेतात. खोलगट रेघांत तेवढी शाई उरते. ओलसर कागद वर ठेवून पत्रा दोन रुळांच्या दाबयंत्रातून काढला की चित्राचा ठसा कागदावर उमटतो. पत्र्यावर जे डावीकडे असते ते कागदावर उजवीकडे येते. एका पत्र्यावरून असे अनेक ठसे घेता येतात.

रेम्ब्रांटने आयुष्यभरात सुमारे ३०० एचिंग्ज केली व या माध्यमात त्याची बरोबरी करू शकेल असा कलावंत क्वचितच झाला असेल. धार्मिक कलेच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व वेगळेच आहे. वेदीवरील चित्र पाहण्यासाठी भाविकाला चर्चमध्ये जावे लागते. ठसा मात्र भाविकाच्या घरी येतो. तो हातात धरून, दिव्याजवळ नेऊन पाहावयाचा असतो. जपमाळेप्रमाणेच तो बोटांच्या अंतरावरचा आहे.

कागदावरचे हे ठसे किती दूर जात याचे एक उदाहरण आपल्याकडचेही आहे. १५८० साली गोव्याहून निघालेले येशूसंघीय धर्मगुरू, धन्य रुदोल्फ आक्वाव्हिवा यांच्या नेतृत्वाखाली, फत्तेपूर सिक्री येथे अकबर बादशहाच्या दरबारी पोहोचले, तेव्हा त्यांनी अँटवर्प येथे छापलेले बहुभाषी बायबल भेट म्हणून नेले होते. त्यातील व त्यानंतर आलेल्या ख्रिस्ती मुद्राचित्रांवरून मोगल चित्रकारांनी आपली चित्रे रंगवली. पुढे सतराव्या शतकात मोगल लघुचित्रे ॲमस्टरडॅमला पोहोचली आणि रेम्ब्रांटने त्यांवरून रेखाटने केली. अशी वीसहून अधिक रेखाटने आज उपलब्ध आहेत. असो, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

जमिनीवर बसलेली राणी

आता प्रतीकांकडे वळू. पहिले प्रतीक म्हणजे मरियेचे बसणे. चौदाव्या शतकापासून इटलीत मरियेला सिंहासनावर न बसवता जमिनीवर बसवून चित्रित करण्याची प्रथा रूढ झाली. या प्रकाराला 'नम्रतेची माता' असे म्हणतात. लॅटिन भाषेत 'हुमुस' म्हणजे माती व 'हुमिलितास' म्हणजे नम्रता. दोन्ही शब्दांचे मूळ एकच. मरियेने आपल्या स्तोत्रात परमेश्वराने आपल्या दासीच्या दैन्यावस्थेकडे पाहिले असे म्हटले आहे (लूक १:४८). ती दैन्यावस्था चित्रकारांनी शब्दशः जमिनीवर आणून ठेवली.

आपल्याकडे बाळाला घेऊन जमिनीवर बसणारी आई हे घरोघरचे दृश्य असल्याने त्यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. युरोपातील चित्रपरंपरेत मात्र स्वर्गाची राणी फरशीवर बसणे हे एक विधान होते.

रेम्ब्रांटने मरिया व बालक यांची ही ठेवण स्वतः कल्पिलेली नाही. इटालियन चित्रकार आंद्रेआ मान्तेन्या (मृत्यू १५०६) याच्या एका ताम्रमुद्राचित्रात मरिया अशीच जमिनीवर बसून बालकाला गालाशी घेऊन आहे. रेम्ब्रांटने ती आकृती तेथून उचलली यात अभ्यासकांमध्ये दुमत नाही. १६५६ साली तो कर्जबाजारी झाला तेव्हा अधिकाऱ्यांनी त्याच्या घरातील वस्तूंची जी यादी केली, तीत मान्तेन्याच्या चित्रांच्या संग्रहाची नोंद 'मौल्यवान' या विशेषणासह आढळते. मान्तेन्याची माता मात्र रिकाम्या पार्श्वभूमीवर, एकटी आहे. रेम्ब्रांटने तिला घर दिले, खिडकी दिली, नवरा दिला आणि मांजरही दिले.

खिडकीची प्रभावळ

मरियेच्या मस्तकाभोवती प्रभावळ नाही, असे प्रथम वाटते. नीट पाहिल्यावर लक्षात येते की मागील खिडकीच्या काचांची जाळी नेमकी तिच्या मस्तकामागे आली असून तिचा आकार व तीतून येणारा उजेड हेच प्रभावळीचे काम करीत आहेत. कलावंताने प्रभावळ काढली नाही आणि तरीही ती आहे. ज्याला केवळ खिडकी पाहावयाची असेल त्याने खिडकी पाहावी. ज्याला विश्वासाची दृष्टी आहे त्याला तेजोवलय दिसेल.

खिडकीला ख्रिस्ती परंपरेत आणखी एक अर्थ आहे. मध्ययुगीन प्रवचनांत मरियेच्या कौमार्याचे रहस्य समजावून सांगताना काचेचा दृष्टान्त वारंवार दिला जाई: सूर्यकिरण काचेतून आत येतो, पण काच भंगत नाही. या दृष्टान्ताची जाणीव ठेवून फ्लेमिश चित्रकारांनी शुभसंदेशाच्या चित्रांत काचेतून येणारे किरण दाखविले. शिवाय प्रकटीकरणाच्या पुस्तकात सूर्य पांघरलेली स्त्री येते (१२:१), आणि त्याच अध्यायात तिचा शत्रू असलेला 'जुनाट साप' येतो (१२:९). आपल्या चित्रात मस्तकामागे उजेड व पायाशी साप आहे. हे दोन्ही एकाच लहान पत्र्यावर एकत्र यावेत हा योगायोग नसावा, असे आमचे मत आहे.

सर्प आणि एका सर्वनामाचा वाद

चित्रातील सर्वात महत्त्वाचे प्रतीक अर्थातच सर्प होय. पहिल्या मातापित्यांच्या पतनानंतर परमेश्वराने सर्पाला उद्देशून जे सांगितले ते उत्पत्ती ३:१५ मध्ये आहे. सर्प व स्त्री यांच्यामध्ये, त्याची संतती व तिची संतती यांच्यामध्ये वैर राहील, सर्पाचे डोके ठेचले जाईल व तो टाच फोडील असा त्याचा आशय आहे. ख्रिस्तसभा या वचनाला 'आद्य शुभवर्तमान' म्हणते, कारण तारणाऱ्याच्या आगमनाचा पहिला संकेत येथे मिळतो. दुसऱ्या शतकातील संत आयरेनियस यांनी हव्वा व मरिया यांची तुलना करताना हव्वेच्या अवज्ञेने पडलेली गाठ मरियेच्या आज्ञापालनाने सुटली, असा विचार मांडला. रेम्ब्रांटची मरिया ही ती दुसरी हव्वा होय.

पण सर्पाचे डोके नेमके कोण ठेचणार? येथे एक जुना वाद आहे व तो जाणून घेतल्यावाचून या चित्राचे मर्म कळणार नाही. हिब्रू मूळ संहितेत तेथे पुल्लिंगी सर्वनाम आहे. म्हणजे स्त्रीची संतती डोके ठेचील. लॅटिन व्हल्गेट बायबलच्या प्रचलित प्रतींत मात्र 'इप्सा', म्हणजे 'ती', असा पाठ आला आणि शतकानुशतके कॅथलिक भाविकांनी सर्पाला चिरडणारी मरिया याच पाठाच्या आधारे पाहिली. सोळाव्या शतकात धर्मसुधारकांनी यावर आक्षेप घेतला. १६३७ साली प्रसिद्ध झालेल्या अधिकृत डच भाषांतरातही ठेचण्याचे काम संततीकडेच दिलेले आहे. व्हॅटिकनने १९७९ मध्ये प्रकाशित केलेल्या 'नोव्हा व्हल्गाता'मध्येही पाठ दुरुस्त करून 'इप्सुम' केला आहे. हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

पाठ बदलला म्हणून मरियेचे स्थान ढळले असे मात्र नाही. वचनात 'स्त्री' आहेच व ती सर्पाची वैरीण आहे. ज्या संततीने विजय मिळवला ती तिच्याच उदरी आली. तिच्या ठायी जी कृपा आहे ती पुत्राकडून आलेली आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ८ डिसेंबर १८५४ रोजी पोप नववे पायस यांनी मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धान्त जाहीर केला, तेव्हाही ही कृपा तिला येशू ख्रिस्ताच्या पुण्याईमुळे लाभली असे स्पष्ट म्हटले. हे आपल्या चित्रानंतर बरोबर दोनशे वर्षांनी घडले.

या वादावर चित्रकारांनी आपापल्या परीने उत्तरे शोधली. रोममध्ये काराव्हाज्जो याने १६०५-०६ च्या सुमारास संत पीटरच्या महामंदिरातील एका वेदीसाठी सुमारे तीन मीटर उंचीचे चित्र रंगविले. त्यात मरियेचा पाय सापावर आहे आणि बालयेशूचा पाय मरियेच्या पायावर आहे. म्हणजे दोघेही ठेचतात. हे चित्र वेदीवर फार काळ राहिले नाही. आज ते रोमच्या बोर्गेझे संग्रहात आहे. रेम्ब्रांटचे उत्तर वेगळे आहे. त्याच्या चित्रात पाय मरियेचाच आहे, पण तिचे सापाकडे लक्षच नाही. ती खाली पाहत नाही, जोर लावत नाही, विजयी मुद्राही धारण करीत नाही. तिचे सारे चित्त बाळाला कुशीत घेण्यात गुंतले आहे आणि त्या आलिंगनातच सर्प पायाखाली आला आहे. एका प्रॉटेस्टंट देशात राहणाऱ्या चित्रकाराने 'ती' की 'तो' या प्रश्नावर दिलेले हे उत्तर आम्हाला कोणत्याही ग्रंथातील युक्तिवादापेक्षा अधिक समाधानकारक वाटते.

सर्पाच्या आकाराविषयीही एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. १६३८ साली रेम्ब्रांटने आदाम आणि हव्वा यांचे एचिंग केले होते. त्यातील सर्प म्हणजे पाय व पंजे असलेला, झाडाला बिलगलेला एक ओबडधोबड अजस्र प्राणी आहे. १६५४ मधील साप मात्र साधा, सरपटणारा, शेताच्या बांधावर दिसावा तसा आहे. उत्पत्ती ३:१४ नुसार पोटाने चालणे हा शापाचा परिणाम आहे. तेव्हा १६३८ चा प्राणी शापापूर्वीचा व १६५४ चा शापानंतरचा, असे दोन्ही चित्रे जवळ ठेवून म्हणता येईल. पहिल्या चित्रात तो माणसांच्या डोक्यावरून खाली वाकलेला आहे. दुसऱ्यात एका बाईच्या पायाखालून सुटू पाहत आहे.

आपल्या चर्चमधील निष्कलंक मातेच्या पुतळ्याच्या पायाशी असलेला साप वाचकांनी पाहिला असेलच. १८३० साली पॅरिस येथे संत कॅथरिन लाबुरे यांना झालेल्या दर्शनानंतर प्रचारात आलेल्या चमत्कारिक पदकावरही तो आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या गळ्यात ते पदक असते. पुतळ्यातील व पदकावरील मरिया उभी, एकटी व विजयी असते. रेम्ब्रांटने तोच विषय घरातील जमिनीवर बसविला, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मांजराचे काय करावे?

मांजराच्या अर्थाविषयी अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे आणि त्यातील काही लिखाण, आमच्या मते, गरजेपेक्षा जास्त चतुर आहे. मध्ययुगीन युरोपात मांजराचा संबंध सैतानाशी व जादूटोण्याशी जोडला जात असे. लोरेन्झो लोत्तो याच्या रेकानाती येथील शुभसंदेशाच्या चित्रात देवदूत येताच एक मांजर घाबरून पळते. तेथे ते अंधाराचे प्रतिनिधी आहे असे मानण्यास जागा आहे. ड्यूररच्या १५०४ मधील आदाम-हव्वेच्या मुद्राचित्रात त्यांच्या पायाशी मांजर व उंदीर आहेत. पतन झाले की मांजर झडप घालणार, अशी ती क्षणापूर्वीची शांतता आहे. या परंपरेनुसार रेम्ब्रांटचे मांजर म्हणजे सर्पाचा सोबती, असे काहींना वाटते.

याउलट एक जुनी इटालियन लोककथा अशी आहे की ज्या गोठ्यात येशूचा जन्म झाला त्याच गोठ्यात त्याच वेळी एक मांजरीही व्याली होती. बारोच्ची या चित्रकाराने सोळाव्या शतकात पवित्र कुटुंबाच्या चित्रात मांजर घातले, ते अगदी घरगुती आहे.

आम्हाला विचाराल तर रेम्ब्रांटचे मांजर हे प्रथम मांजर आहे. वस्त्राचा काठ हलला की त्याच्यावर पंजा मारणे हा त्याचा स्वभाव. देवाचा पुत्र ज्या घरात वाढला ते घर खरे होते, त्यात चूल होती, केर होता, पायात येणारे जनावर होते, हे ते सांगते. देहधारणेचा सिद्धान्त सांगण्यास एखादा देवदूत जितका उपयोगी, तितकेच हे मांजरही उपयोगी. मात्र एक गोष्ट मान्य करावी लागेल: रेम्ब्रांटने मांजर व साप दोघांनाही मरियेच्या वस्त्राच्या काठाशीच ठेवले आहे. एक खेळते, एक निसटते. घरात निरुपद्रवी व विषारी या दोन्ही गोष्टी जमिनीच्या पातळीवर एकमेकींजवळ असतात, आणि मातेचे लक्ष दोहोंकडेही नाही.

खिडकीबाहेरचा योसेफ

काचेतून आत पाहणारा पुरुष म्हणजे संत योसेफ. तो बाहेर का आहे? या प्रश्नाची जी उत्तरे दिली गेली त्यांत सर्वात प्रचलित उत्तर धर्मसिद्धान्ताचे आहे. बाळ पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने गर्भी संभवले. योसेफ त्याचा कायदेशीर पिता असला तरी जन्माच्या रहस्यात त्याचा भाग नाही. म्हणून तो काचेपलीकडे आहे. वर सांगितलेला काचेचा दृष्टान्त ध्यानात घेतला तर योसेफाला नेमके काचेच्या बाहेर उभे करण्यातील औचित्य पटते.

काही लेखकांनी येथे करिंथकरांस पहिल्या पत्रातील 'आता आपण अस्पष्ट पाहतो' या आशयाच्या वचनाचा (१३:१२) संबंध जोडला आहे. तो आम्हाला फारसा टिकणारा वाटत नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काच नसून आरसा असा आहे व डच भाषांतरातही आरसाच आहे.

परंतु चित्राकडे पुन्हा पाहावे. योसेफ बाहेर हाकलला गेलेला दिसत नाही. कामावरून परतलेला माणूस दाराकडे जाण्यापूर्वी खिडकीशी क्षणभर थांबतो, आत आपली माणसे सुखरूप आहेत हे पाहतो, तसा तो दिसतो. रेम्ब्रांटपूर्वीच्या पुष्कळ चित्रांत योसेफ कोपऱ्यात पेंगणारा म्हातारा असे. येथे तो जागा आहे व पाहत आहे. पोप नववे पायस यांनी १८७० साली संत योसेफांना वैश्विक ख्रिस्तसभेचे आश्रयदाते घोषित केले. त्या घटनेला दीडशे वर्षे झाल्यानिमित्त पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी 'पात्रिस कोर्दे' हे पत्र प्रसृत करून योसेफवर्ष जाहीर केले. त्या पत्रात योसेफांचे वर्णन सावलीतील पिता असे केले आहे. मुलाला आपली मालमत्ता न मानणे, त्याला मोकळीक देणे हे त्या पितृत्वाचे लक्षण होय, असे तेथे प्रतिपादन आहे. रेम्ब्रांटचा योसेफ हा शब्दशः सावलीत आहे. आपल्या धर्मग्रामांतील जे पिते कामानिमित्त बोटीवर वा आखाती देशांत राहतात आणि ज्यांना आपल्या बाळांचे चेहरे पडद्याच्या काचेतूनच दिसतात, त्यांना हा योसेफ निराळ्या भाष्याशिवाय समजेल.

चित्रकाराचे ते वर्ष

हे चित्र कॅथलिक आहे का, असा प्रश्न आम्हाला विचारला जातो. रेम्ब्रांटचा जन्म १५ जुलै १६०६ रोजी लायडन येथे झाला. वडील रिफॉर्म्ड पंथाचे होते, आईच्या माहेरचे कुटुंब कॅथलिक होते. त्याचे शिक्षक पीटर लास्टमन हेही कॅथलिक. ज्या ॲमस्टरडॅममध्ये तो राहत होता तेथे १५७८ पासून कॅथलिकांना उघडपणे उपासना करण्यास मनाई होती. ते घरांच्या माळ्यांवर गुप्तपणे मिस्सा साजरा करीत. १६६१ ते १६६३ च्या दरम्यान एका व्यापाऱ्याच्या घराच्या माळ्यावर बांधलेले असे एक चर्च आजही पाहावयास मिळते. सार्वजनिक चर्चमधून मरियेची चित्रे काढून टाकलेल्या त्या शहरात पोस्टकार्डाएवढे चित्र मात्र कोणाच्याही घरात, पुस्तकाच्या पानांत राहू शकत होते. रेम्ब्रांटने १६३९ साली मरियेच्या मृत्यूचे व १६४१ साली मेघांतील मरियेचेही एचिंग केले होते. त्याच्या ग्राहकांत विविध पंथांचे लोक होते. चित्र कोणत्या पंथाचे यापेक्षा ते कोणत्याही पंथाच्या घरात कसे शिरले, हे अधिक महत्त्वाचे आहे.

१६५४ हे वर्ष त्याच्या घरासाठी कठीण होते. पहिली पत्नी सास्किया १६४२ मध्ये निवर्तली होती. तिच्यापासून झालेल्या चार अपत्यांपैकी तिघे तान्हेपणीच गेली होती, एकटा टिटस वाचला. पुढे घरात काम करण्यास आलेली हेंड्रिक्ये स्टॉफेल्स त्याच्यासोबत राहू लागली. सास्कियाच्या मृत्युपत्रातील अटीमुळे पुनर्विवाह केल्यास त्याला मोठे आर्थिक नुकसान सोसावे लागले असते. त्यांनी लग्न केले नाही. १६५४ च्या उन्हाळ्यात रिफॉर्म्ड चर्चच्या मंडळाने गर्भवती हेंड्रिक्येला बोलावून विवाहाविना राहिल्याचा ठपका ठेवला व प्रभुभोजनात सहभागी होण्यास मनाई केली. ही शिक्षा तिला झाली, त्याला नाही. ३० ऑक्टोबर १६५४ रोजी त्यांच्या मुलीचा, कॉर्नेलियाचा, बाप्तिस्मा झाला. सास्कियाच्या अल्पायुषी दोन मुलींचेही नाव हेच होते.

यावरून चित्रातील मरिया म्हणजे हेंड्रिक्ये होय, असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. आम्ही तसे म्हणणार नाही. मरियेची ठेवण मान्तेन्याची आहे, हे आपण वर पाहिलेच. तथापि भोजनाच्या मेजावरून दूर केलेली एक गर्भवती स्त्री, आणि ज्याने तीन तान्ही मुले पुरली आहेत असा बाप, यांच्या घरात त्याच वर्षी बाळाला गालाशी घट्ट धरलेल्या मातेचे हे चित्र तांब्यावर कोरले गेले. विवाहसंस्काराची शिकवण आपण सोडावी असे यातून सुचवावयाचे नाही. परंतु नियमाने बाहेर राहिलेली माणसेही मरियेकडे पाहत असतात, याची जाणीव धर्मग्रामात काम करणाऱ्यांनी ठेवावी असे आम्हाला वाटते.

पत्रा आणि ठसे

दोन वर्षांनी, १६५६ मध्ये, रेम्ब्रांटने दिवाळखोरी जाहीर केली. घर व संग्रह विकला गेला. ते घर १९११ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे. रेम्ब्रांटचा मृत्यू ४ ऑक्टोबर १६६९ रोजी झाला, पण त्याचे तांब्याचे पत्रे मात्र हातोहात फिरत राहिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधील प्रकाशकांनी त्यांवरून पुन्हा ठसे काढले. विसाव्या शतकात अशा ७८ पत्र्यांचा संग्रह एका अमेरिकन संग्राहकाकडे होता व १९९३ साली तो विखुरला. आपल्या चित्राचा मूळ पत्रा त्यानंतर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आला.

ठसे मात्र अनेक संग्रहालयांत आहेत. ॲमस्टरडॅमच्या रिक्स संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याच्या संग्रहातील रेम्ब्रांटच्या एचिंग्जची मोठी छायाचित्रे विनामूल्य पाहता येतात. पाहताना एक काळजी घ्यावी. वारंवार ठसे काढल्याने पत्र्यावरील रेघा झिजतात व नंतरच्या ठशांत खिडकीचा उजेड आणि कोपऱ्यातील काळोख यांतील भेद पुसट होतो. उशिराच्या ठशाच्या छायाचित्रात सर्प जवळजवळ सापडत नाही. चित्र मोठे करून मरियेच्या वस्त्राच्या खालच्या घड्या तपासाव्यात; तेथे तो आहे.

लंडनमधील पत्रा कागदावरील चित्राच्या उलट आहे. त्यावर रेम्ब्रांटची सही व १६५४ हा आकडाही उलटाच कोरलेला आहे, ज्यामुळे कागदावर तो सुलट उमटला.